मोठ्या संस्थेतली ई तुकडी

"आडनाव काय मॅडम तुमचं?"

मंगल कार्यालयाच्या मागच्या दारात मला हे विचारलं गेलं. पुढच्या दारात पाहुण्यांवर गुलाबपाणी शिंपडत होते, सनई वाजत होती. आम्हाला मात्र तिथं पोचल्यावर मागच्या दारानं या म्हणून सांगितलं.

आम्ही म्हणजे धाकट्या संस्थेच्या शाळेतले शिक्षक. विचारणारे मोठ्या संस्थेच्या शाळेचे हेडसर. लग्न मोठ्या संस्थेच्या अध्यक्षांच्या मुलाचं. अध्यक्षांना सगळा भाग आबासाहेब म्हणतो. हेडसरांनी शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या, गळ्यात टॉवेल, हातात भाताची बादली. घामानं निथळत होते. त्यांनी आमच्यातल्या एकेकाला आडनाव विचारलं आणि माणसं दोन बाजूंना केली. सुनंदा मॅडम आणि गणिताचे सर वाढायला. बाकीचे आम्ही सगळे उष्ट्या पत्रावळ्या उचलायला.

मी म्हणाले, "सर, मी मुख्याध्यापिका आहे."

"ठाऊक हाय की. म्या बी मुख्याध्यापकच हाय. बघा, भात वाढतोय."

"मग मला पण भात द्या वाढायला."

त्यांनी बादली खाली ठेवली. आवाज खाली आणला. "आईसाहेबांचं जरा सोवळं हाय मॅडम. तुमच्या लोकांनी वाढायला नगं म्हणल्या. वाईट वाटून घेऊ नका. कामच हाय. कुठलं बी केलं तर काय बिघडतंय?"

आईसाहेब म्हणजे आबासाहेबांच्या आई. त्या आत एसीच्या खोलीत बसलेल्या. त्यांना मी आजवर पाहिलेलं नाही, त्यांनी मला पाहिलेलं नाही. माझं आडनाव तेवढं पुरलं.

आणि मी रेशमी साडी नेसून गेले होते. हे सांगताना अजून चेहरा गरम होतो. आम्ही सगळेच नटूनथटून गेलो होतो. वर्गणी काढून भिंतीवरचं घड्याळ घेतलं होतं आहेराला, चकचकीत कागदात गुंडाळून. कारण आम्हाला वाटलं, लग्नाला बोलावलंय. दोन संस्था एक व्हायच्या आहेत, म्हणून सोयरे समजून मानानं बोलावलंय. मोठ्या संस्थेच्या शिक्षकांना आमचे कपडे बघून हसू आवरेना. ते सगळे जुन्या शर्टात, जुन्या साड्यांत. त्यांच्यात पद्धतच आहे. अध्यक्षांच्या घरी लग्न निघालं, बारसं निघालं, निवडणूक लागली, की शाळेच्या ग्रुपवर निरोप येतो आणि शिक्षक कामाला हजर होतात. बायका भाज्या निवडतात, पुरुष गाड्या लावतात, पंगती उठवतात. त्याला ते 'लग्नाची ड्यूटी' म्हणतात. इतक्या वर्षांत कुणाला त्यात काही वावगं वाटलेलं नाही. आम्हाला ही पद्धत माहीतच नव्हती. आमच्या संस्थेचे अध्यक्ष गुरुजी. त्यांच्या मुलीच्या लग्नात त्यांनी आम्हाला पाटावर बसवून स्वतः वाढलं होतं. त्यामुळं लग्नाचं बोलावणं म्हणजे मान, एवढंच आम्हाला ठाऊक.

पदर खोचला. उचलल्या पत्रावळ्या.

बुंदीचा पाक हाताला चिकटत होता. वांग्याच्या भाजीचा रस साडीवर सांडला. पंगतीत आमच्या शाळेतल्या मुलींचे बापही जेवत होते. बेंबळीकडचा एकजण मला बघून दचकला. त्यानं स्वतःची पत्रावळ उचलून पाठीमागं धरली आणि म्हणाला, "ऱ्हाऊ द्या बाई, म्या टाकतो." मला रडू आलं ते त्याच्यामुळं. हेडसरांच्या बोलण्यानं आलं नव्हतं. सुनंदा मॅडम बुंदीचं ताट घेऊन माझ्या बाजूनं गेल्या, दोनदा गेल्या, वर बघितलं नाही. तोवर कित्येक वर्षं आम्ही दोघी दुपारी एका डब्यात जेवत होतो.

शेवटी आबासाहेब स्वतः मागं आले. हात जोडून म्हणाले, "जेवल्याबिगर कुणी जायचं न्हाय बरं का." सोबतच्या माणसानं माझ्याकडं बोट करून सांगितलं, ह्या धाकट्या संस्थेच्या मॅडम. आबासाहेब म्हणाले, "व्हय का? छान, छान." मला जेवणाचा आग्रह झाला. जन्मात एकही उपास न केलेल्या मी सांगितलं, मला उपास आहे.

तुम्ही म्हणाल, मग निघून का आला नाहीत? घरी आल्यावर माझ्या मुलीनंही हेच विचारलं. बाहेरून विचारायला सोपं असतं.

आमच्या भागात दोन संस्था. मोठीच्या शाळा चारी दिशांना, दोन मजली, पटांगणाला तारेचं कुंपण, कमानीवर आबासाहेबांच्या वडिलांचं नाव. धाकटीच्या तीनच शाळा, तिन्ही वस्त्यांच्या कडेला, पत्र्याच्या आणि अर्ध्या स्लॅबच्या. धाकटी गुरुजींनी काढली. गुरुजी जिल्हा परिषदेचे शिक्षक होते, आमच्याच समाजाचे. तेव्हा आमच्या बौद्ध वस्तीतल्या मुली चौथीनंतर घरी बसायच्या. गावातल्या शाळेत दाराजवळ बसवायचे, पाण्याच्या माठाला हात लावू द्यायचे नाहीत, आणि मग पोरीच म्हणायच्या, नको ती शाळा. गुरुजींनी विहाराच्या ओसरीत पाचवीचा वर्ग काढला. त्या पहिल्या वर्गात मी होते. पुढं विटा आल्या, पत्रे आले, मान्यता आली. मी त्याच शाळेत शिकून त्याच शाळेत शिकवायला लागले. दुसरीकडं कधी नोकरी मागितली नाही.

आता गुरुजी थकलेत. गुडघे गेलेत. मुलगा पुण्यात, त्याला ह्यात रस नाही. सकाळी वस्तीच्या तोंडावर इंग्रजी शाळांच्या पिवळ्या गाड्या येऊन उभ्या राहतात आणि ज्याला जमतं तो पोराला गाडीत बसवतो. आमच्या शाळेचा पट उतरत चाललाय. पट उतरला की वर्ग बंद, वर्ग बंद झाला की शिक्षक जास्तीचे. जास्तीच्या शिक्षकानं मग जिल्हाभर वणवण करायची. ह्यात आबासाहेबांचा निरोप आला, दोन्ही संस्था एक करू. विलीनीकरण. तुमच्या शाळा वाचतील, शिक्षक वाचतील, पोरांना चांगली इमारत मिळेल. आमच्यासाठी हा निरोप म्हणजे बुडत्याला काडीचा आधार होता. गावातली माणसं चहाच्या टपरीवर चेष्टा करायची, "काय बाई, दोन संस्थांचं लगीन ठरलं म्हणं? नवरी तुमचीच. नाव बी बदलणार, घर बी बदलणार." मीही हसायचे. म्हणायचे, नवरी वयात आलीय, ठेवून काय करायचं घरात?

म्हणून निघून आले नाही. माझ्या एका फणकाऱ्यानं सगळ्यांचं मोडायला नको. मी स्वतःला सांगितलं, अपमान आपला झालाय, आपण गिळू. वय झालंय, पचवायची सवय आहे. साडी धुवायला टाकली आणि विषय संपवला.

संपला नव्हता.

पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या आठवीच्या वर्गाचा स्लॅब गळायला लागला. आबासाहेबांनी मोठेपणानं सांगितलं, ठराव व्हायचा तेव्हा होईल, आठवीची पोरं आतापासूनच आमच्या इमारतीत बसू द्या. गुरुजींच्या डोळ्यांत पाणी आलं. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला सांगू? निदान पोरांच्या वह्या भिजणार नाहीत.

समीक्षा आमच्या गल्लीतली. उंच, काटक, कबड्डीत पोरांना पाडणारी, आणि सातवीत पहिली आलेली. ती तिकडं जायला लागून काही दिवस झाले होते. संध्याकाळी मी दळण घेऊन येत होते, ती नळावर भेटली. कळशी तिथंच ठेवून माझ्यासोबत चालायला लागली. सांगायचं पोटात मावत नव्हतं.

"बाई, आमाला तिथं लई मान हाय."

"व्हय? कसा काय?"

"वेगळी खोली दिलीय आमाला. सायकल स्टँडच्या बाजूची. पंखा बी हाय."

"आणि त्यांची आठवीची मुलं?"

"त्यांच्या अ, ब, क, ड हायती. आमची ई. आमच्यासाठीच काढली नवी."

"तुमच्या वर्गात तिकडचं कोण कोण आहे?"

"कुणीच न्हाय. आमी आमीच."

मी थांबले. आमच्या आठवीत वस्तीबाहेरचीही चार मुलं होती. त्यांची नावं घेऊन विचारलं, ती कुठं बसतात?

"ती ब मधी गेली."

"का?"

"हुशार म्हणून."

"समीक्षा, सातवीत पहिलं कोण आलं होतं?"

तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "मीच की. पण तिथल्या बाई म्हणल्या, त्यांचं अक्षर चांगलं हाय."

ती पुन्हा पंख्याचं सांगायला लागली. तीन नंबरवर ठेवला की वह्यांची पानं उडतात म्हणाली. मी दळणाचा डबा ह्या हातातून त्या हातात घेत राहिले. पोरगी खोटं बोलत नव्हती. तिला खरंच मान वाटत होता. वेगळं काढून बसवलं, तेही गोठ्याच्या कडेला बांधल्यासारखं, आणि ती मला कौतुकानं सांगत होती. मी रेशमी साडी नेसून मागच्या दारात उभी राहिले होते तशी ती त्या खोलीत बसली होती. फरक एवढाच की मला दारातच कळलं. तिला कुणी कळूच दिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी जाऊन बघून आले. खोली होती. पंखा होता. चार तुकड्यांत मागची बाकं रिकामी होती, तीही पाहिली. हेडसरांनी मला ऑफिसात नेऊन चहा पाजला. म्हणाले, "पालकांची मागणी हाय मॅडम. माझ्या हातात काय हाय? म्या हुकमाचा ताबेदार." माणूस वाईट नाही. दोन विषयांत एम.ए. आहे. दुसऱ्याच्या लग्नात भात वाढतो आणि पोरं आडनावावरून वेगळी करतो, आणि दोन्ही कामं तो सारख्याच निमूटपणे करतो. मला त्याचा राग यायला हवा होता. मला त्याच्याकडं बघून भीती वाटली. विलीन झाल्यावर मी अशीच होणार होते. उद्या कुणी नवी पोरं आणली असती तर त्यांना आडनाव विचारायला मलाच उभं केलं असतं, आणि मी विचारलं असतं.

पोळ्याच्या आधी सभा ठरली. सभा आमच्याच शाळेत, दहावीच्या वर्गात, बाकं सरकवून. आमच्या संस्थेचे सभासद आले, बहुतेक वस्तीतलेच, पांढऱ्या कपड्यांत, पोटासाठी नोकऱ्या करून निवृत्त झालेले. आबासाहेब दोन माणसं घेऊन आले. एकाच्या हातात पेढ्यांचा बॉक्स. ठराव व्हायच्या आधीच पेढे.

सभेची रीत अशी की एकानं ठराव मांडायचा, दुसऱ्यानं उभं राहून त्याला अनुमोदन द्यायचं, मग सगळ्यांनी हात वर करायचे. मांडणार गुरुजी, अनुमोदन देणार मी, हे आधीच ठरलेलं. गुरुजी बाकाचा आधार घेऊन उठले. म्हणाले, "दोन्ही संस्था एक व्हाव्यात असा ठराव म्या मांडतो." एवढं बोलून त्यांना धाप लागली.

मी उभी राहिले. "अनुमोदन द्यायला माझी एक अट आहे."

आबासाहेब हसले. "बोला की मॅडम. आता तुमी घरच्याच झालात."

"आमची मुलं तुमच्या सगळ्या तुकड्यांत वाटून बसवायची. ई तुकडी बंद करायची. हे ठरावात लिहायचं."

बॉक्सची दोरी सोडणारा माणूस थांबला.

"हुईल की हळूहळू. म्या शब्द देतो तुमाला."

"शब्द नको. लिहून द्या."

"मॅडम, असल्या गोष्टी लिहायच्या नसत्यात. लिहिलं की चार लोकांत जातं. आमचे पालक पोरांचे दाखले काढून नेतील. म्या सोता काय जातपात मानत न्हाय. पण गाव मानतंय, आन् मला गावाला धरून चालावं लागतंय."

"आम्ही गावात नाही का?"

ते चिडले नाहीत. एखाद्या लहान मुलानं भलतंच काही मागावं आणि मोठ्या माणसानं दमून बघावं, तसं त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग ते गुरुजींकडं वळले. "गुरुजी, तुमी समजावा बाईंना. एका खोलीपायी शाळा घालवत्यात ह्या."

गुरुजी म्हणाले, "बाई, बसा खाली. म्या थकलोय आता."

मी त्या माणसाच्या शब्दाबाहेर कधी गेले नव्हते. त्यांनी मला पाटीवर इंग्रजीचं पहिलं अक्षर गिरवायला लावलं. माझ्या आईच्या हातापाया पडून मला शाळेत आणलं. त्यांच्यासमोर आवाज चढवायचा विचारही मनाला शिवला नव्हता कधी. बाक धरून उभी राहिले.

"गुरुजी, मी पण थकलेय. अनुमोदन देत नाही."

आबासाहेबांनी सगळ्यांवरून नजर फिरवली. "दुसरं कोण देतंय अनुमोदन?" मागच्या बाजूला एकानं हात अर्धा वर नेला, शेजाऱ्याकडं बघितलं आणि डोकं खाजवून खाली घेतला. आणखी कुणी उठलं नाही. माझ्या बाजूनं म्हणून बसून राहिले, असंही नाही. प्रत्येकाच्या पोटात त्याची त्याची एक ई तुकडी होती, एवढंच मला वाटतं.

ठराव तिथंच पडला. आबासाहेब चपला घालता घालता म्हणाले, "एक दिवस तुमीच येताल माझ्या दारात." शिवी नव्हती ती. त्यांना तशी खात्रीच आहे.

पुढं सगळं गोड झालं असं काही नाही. सुनंदा मॅडम दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये माझ्यासमोर उभ्या राहिल्या. "तुमच्या मानापायी आमच्या पोटावर पाय आला मॅडम." त्यांचं घर त्यांच्या एकटीच्या पगारावर चालतं. दिवाळीनंतर त्यांना मोठ्या संस्थेत घेतलं. जाताना भेटून गेल्या नाहीत. गणिताचे सरही गेले. गणित आता मी शिकवते. मला येत नाही, आदल्या दिवशी बसून शिकते. गुरुजी बोलतात माझ्याशी, पण शाळेचा विषय काढत नाहीत. ते मला सलतं. बाकी सगळ्याची सवय झाली.

आठवीची मुलं परत आणली. गळका वर्ग बंद केला आणि त्यांना विहाराच्या ओसरीत बसवलं. पहिल्या दिवशी पोरं हिरमुसली होती. एक विचारत होता, बाई, पंखा कधी लावणार? समीक्षा विचारत नव्हती. ती माझ्यावर चिडली होती. तिला वाटत होतं, मी तिचा मान काढून घेतला.

पुस्तक मिटलं. म्हटलं, आज धडा नाही, बोलायचंय. आणि सांगितलं. ई तुकडी का काढली ते सांगितलं. ती चार मुलं ब मध्ये का गेली ते सांगितलं. अक्षराचं खोटं होतं हे सांगितलं. मला लग्नात काय काम दिलं होतं तेही सांगितलं, घरी माझ्या मुलीला सांगितलं नव्हतं इतकं उघडं. आडनाव हा शब्द उच्चारला. पोरांचे चेहरे बघवत नव्हते. तेरा-चौदा वर्षांची पोरं. एकजण नखानं फरशी खरवडत राहिला. कुणीतरी हुंदका दिला.

समीक्षा उठून उभी राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, संताप होता, आणि तो माझ्यावर होता.

"बाई, तुमी सांगितलं नसतं तर बरं झालं असतं."

"न्हाय," मी म्हणाले, "नसतं झालं."

ती बसली नाही. दप्तर उचलून निघून गेली. दोन दिवस शाळेत आली नाही. तिसऱ्या दिवशी आली ती अजून माझ्याशी धड बोलत नाही. हात वर करून उत्तर देते, खणखणीत देते, पण हसत नाही. ह्या पोरीचं हसणं माझ्यामुळं गेलं. तिच्या आईनं मला नळावर अडवून विचारलं, "लेकरांना कशाला सांगायचं बाई इतक्यातच?" मी म्हणाले, मला माझ्या वेळी कुणी सांगितलं नाही, म्हणून मी ह्या वयात मागच्या दारात नटून उभी राहिले.

आबासाहेबांचा पुन्हा निरोप आलाय. ह्या वेळी अनुमोदन द्यायला दुसरा माणूस शोधून ठेवलाय म्हणे. ठराव होईलही. मी उभी राहून नाही म्हणेन, माझं एकटीचं मत विरोधात पडेल आणि पेढे वाटले जातील. पट अजून घसरेल. माझा पाय सुजतो उन्हात शाळेसाठी पोरं मागत दारोदार फिरून, आणि लोक दार उघडून म्हणतात, विचार करतो बाई. थकले आहे मी. हे लपवायचं काही कारण नाही.

पण आठवीच्या प्रत्येक पोराला मी हे सांगणार आहे. शाळा राहिली तर वर्गात. विलीन झाली तर त्यांच्या इमारतीत जाऊन, त्या सायकल स्टँडच्या बाजूच्या खोलीच्या दारात उभी राहून, सगळ्यांसमोर, हेडसरांसमोर. काढून टाकलं तर वस्तीत, घराघरांत. तुम्हाला इथं का बसवलंय, ते ऐका. पोरं रडतील, चिडतील, माझं तोंड बघणार नाहीत. चालेल मला. मान म्हणून अपमान घेणारं एकही लेकरू मी ह्यापुढं माझ्या हातून घडू देणार नाही.